कांदा: बी पेरावं की तयार रोप आणावं?

गच्चीवरच्या वाफ्यात रब्बी कांदा घ्यायचाय, पण बी की रोप यावर अडलेल्यांसाठी हे.

खर्च बघितला तर बियांचं छोटं पाकीटही घरच्या वाफ्याला पुरून उरतं. उरलेलं मात्र पुढच्या वर्षावर ठेवू नका. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने घटते. रोपांची जुडी त्यामानाने महाग.

खरा फरक मेहनतीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी सेंटिमीटरभर खोल पेरायचं, झारीने हलकं पाणी द्यायचं. कोंब आधी दुमडलेलाच वर येतो, मग सरळ होतो. पाणी साचलं की मर लागते, रोपं बुडाशी नरम पडून आडवी होतात. पुनर्लागणीला ६-७ आठवडे थांबावं लागतं. तयार रोप आणलं की हे सगळं वाचतं. फक्त जाड, जून रोप घेऊ नका, त्याला डेंगळे (फुलांचे दांडे) लवकर येतात.

वाण मात्र बियांतच हवा तो मिळतो: साठवणीला एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती. जुडीत काय आहे, ते विकणाऱ्याच्या शब्दावर.

पहिल्यांदाच लावताय किंवा डिसेंबर उजाडलाय, तर रोपंच आणा. साठवणीचा कांदा हवा असेल आणि रोज सकाळी वाफ्याकडे बघायला वेळ असेल, तर बी पेरा.