दाव्याला पुरावा मागणारी संस्था : वर्षभरानंतरचा अनुभव

तरुणांना व्यवसाय उभा करायला शिकवणाऱ्या आणि तो सचोटीने चालवण्याचा आग्रह धरणाऱ्या एका सेवाभावी संस्थेच्या कार्यक्रमात मी जवळपास वर्षभर आहे. अशा कार्यक्रमांचा साचा बहुतेकांना माहीत असतो : निवडीची मुलाखत, प्राथमिक प्रशिक्षण, एक मार्गदर्शक, बीजभांडवलाचे हप्ते आणि सुरुवातीलाच सही करून द्यायची आचारसंहिता. त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. संस्थेच्या माहितीपत्रकातील एका वाक्यावरून माझा त्यांच्याशी कित्येक महिने पत्रव्यवहार चालला होता, तो नुकताच मिटला. म्हणून हे लिहायला घेतले. ते वाक्य असे होते : ‘आमच्याकडे घडलेल्या उद्योजकांपैकी बहुतेकांचे व्यवसाय आजही सुरू आहेत.’

हे वाक्य मला एवढे का खटकले ते कळण्यासाठी या कार्यक्रमातील ‘दावा-वही’ आधी समजून घ्यावी लागेल. वस्तूबद्दल ग्राहकाला जे जे सांगायचे, मग ते लेबलवर असो, पत्रकात असो किंवा विक्री करताना तोंडी असो, ते सगळे वहीच्या डाव्या पानावर लिहायचे आणि उजव्या पानावर त्याचा पुरावा. उजवे पान कोरे राहिले, तर तो दावा वापरायचा नाही. माझ्या मते या संस्थेकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि बाकीचे सारे प्रशिक्षण एका पारड्यात घातले तरी मी ही वहीच निवडेन.

माझा व्यवसाय पुनर्वापरित कागदाच्या वह्यांचा आहे. लेबलच्या मसुद्यावर ‘पूर्णपणे पुनर्वापरित, पर्यावरणपूरक’ असे शब्द होते. मार्गदर्शक मॅडमनी नमुन्याची वही मधोमध उघडली, बांधणीवरचा शिलाईचा दोरा बोटाने दाखवला, मग पाठीला लावलेल्या गोंदाची वाळलेली कड नखाने उचलली, मग पुठ्ठ्यावर चिकटवलेले कापड. “यातले पुनर्वापरित काय काय आहे, ते एकेक सांगा,” एवढेच त्या म्हणाल्या. व्यवसायाने स्वतःहून केलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी आयएसओ 14021 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, हे मला त्या दिवशी कळले. ‘पर्यावरणपूरक’सारखे मोघम शब्द या मानकाला चालत नाहीत. पुनर्वापरित घटकांचे प्रमाण सांगताना ग्राहकाने वापरून टाकलेला माल धरता येतो, उत्पादनात वाया गेलेला मालही धरता येतो. मात्र ज्या प्रक्रियेत कातरण निघाले त्याच प्रक्रियेत ते पुन्हा वापरले, तर त्याला पुनर्वापरित म्हणता येत नाही. मी कागद पुरवठादाराला लेखी विचारले, तेव्हा त्याने सांगितलेल्या प्रमाणात त्याच्या कारखान्यातील स्वतःच्या कातरणाचाही वाटा असल्याचे निघाले. तो वजा करून घेतला. अंतिम लेबलवर फक्त आतील पानांचा उल्लेख आहे, आणि टक्केवारी पुरवठादाराने लेखी दिली तेवढीच.

या सगळ्यात छपाई लांबली आणि मधल्या काळात आलेल्या काही मागण्या सोडाव्या लागल्या. हात राखून खर्च करणाऱ्या माणसाला असे नुकसान सहजी विसरता येत नाही. पण पुढे एका मोठ्या खरेदीदाराने प्रत्येक पुरवठादाराकडे पुरावा मागितला. मी वहीतील त्या पानाची प्रत पाठवली आणि आणखी एकही प्रश्न न येता मागणी पक्की झाली. संस्थेबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुणावला.

वर्गातील व्याख्यानांपैकी व्यवहारातील सचोटीचा इतिहास सांगणारे सत्र मला आवडले. अमेरिकेत 1912 च्या सुमारास जाहिरातदारांनीच खोट्या जाहिरातींविरुद्ध दक्षता समित्या नेमल्या आणि त्या चळवळीतून ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे ‘बेटर बिझनेस ब्यूरो’ उभे राहिले. हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये बुडीत निघालेली कंपनी सावरताना ‘हे सत्य आहे का?’ या प्रश्नापासून सुरू होणारी चार प्रश्नांची कसोटी लिहिली आणि पुढे रोटरीने ती स्वीकारली. शाळकरी मुलांना व्यवसाय शिकवणाऱ्या, 1919 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ या संस्थेच्या धर्तीवर छोटी कंपनी काढून, चालवून, शेवटी हिशेब चुकता करून बंद करण्याचा सरावही आमच्याकडून करून घेतला. व्यवसाय बंद कसा करायचा हे शिकवणारे फार कमी लोक भेटतात. कंपन्यांनी जबाबदारीने वागावे यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ या उपक्रमाच्या दहा तत्त्वांवरील सत्र मात्र मोठ्या कंपन्यांच्याच कामाचे वाटले. भ्रष्टाचारविरोधाचे दहावे तत्त्व 2004 मध्ये जोडले गेले, हे लक्षात राहिले. पण एकट्याने व्यवसाय चालवणाऱ्या तरुणाकडे कोणी लाच मागितली तर त्याने नेमके काय करावे, ते राहून गेले.

आता माहितीपत्रकातील त्या वाक्याकडे येतो. ते दावा-वहीच्या डाव्या पानावर लिहिले, तर उजव्या पानावर काय येईल? मी संस्थेला विचारले : हे बहुतेक म्हणजे एकूण किती जणांपैकी? मधेच कार्यक्रम सोडून गेलेले त्यात धरले आहेत का? ज्यांच्याशी संपर्कच झाला नाही, त्यांना कोणत्या रकान्यात घातले? आणि व्यवसाय ‘सुरू’ म्हणजे नोंदणी जिवंत आहे, की प्रत्यक्ष विक्री होते आहे? पहिल्या उत्तरात आभार होते, नंतरच्या उत्तरात यशस्वी तरुणांची छायाचित्रे होती आणि त्यानंतर ‘ही अंतर्गत माहिती आहे’ असे कळवण्यात आले. त्या सुमारास आलेल्या अभिप्राय-पत्रकावर, मी इतरांना या कार्यक्रमाची शिफारस करणार नाही, असे स्पष्ट लिहिले. वहीच्या लेबलवर एक शब्द जास्त पडला तर ग्राहकाचे नुकसान एका वहीपुरते असते. हे वाक्य वाचून कोणी हातची नोकरी सोडतो, कोणी घरच्यांची पुंजी व्यवसायात घालतो.

तरीही माझे मत बदलले. याचे कारण संस्थेच्या आचारसंहितेतच होते. प्रत्येक तक्रारीला त्या विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने लेखी उत्तर द्यावे, असे त्यात कलम आहे. त्या कलमाचा आधार घेऊन मी विश्वस्तांना लिहिले. त्यांचे उत्तर सविस्तर आणि सरळ आले. ती माहिती फोनवरून गोळा केली होती. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांनाच फोन केले होते. ज्यांचा फोन लागला नाही त्यांना हिशेबातूनच वगळले होते. आणि ‘सुरू आहे’ हे समोरच्याच्या शब्दावर धरले होते. व्यवसाय बुडाला की माणूस बऱ्याचदा नंबर बदलतो, संपर्क तोडतो, म्हणून न सापडलेल्यांना वगळले की यशाचे प्रमाण आपोआप फुगते. न सापडलेल्या सगळ्यांचे व्यवसाय एकदा बंद धरून आणि एकदा सुरू धरून दोन्ही आकडे छापावेत, अशी मी सूचना केली होती. ती त्यांनी मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीतून ते वाक्य काढल्याचे कळवले. आपल्याच वहीचा नियम स्वतःला लावणारी संस्था मला पहिल्यांदाच भेटली.

बाकीच्या गोष्टींत हिशेबाचे प्रशिक्षण उत्तम आहे. मार्गदर्शक मात्र नशिबावर आहेत. माझ्या तुकडीतील काहींना महिनोन्महिने भेटच मिळाली नाही. बीजभांडवलाचे हप्ते उशिरा येतात, ही तक्रार आजही कायम आहे. पुरवठादाराचे पैसे ठरल्या दिवशी चुकते करण्याची शपथ आमच्याकडून घेतली जाते, आणि हप्ता लांबला की ती पाळण्यासाठी पदरचे पैसे घालावे लागतात. हप्त्याची तारीख करारात लिहून मागावी. मी मागितली नव्हती, नव्या तुकडीतील एकाने मागितली आणि त्याला ती मिळाली.

प्रवेश घ्यावा, असेच मी आता सांगेन. मुलाखतीत तुमच्या कल्पनेबद्दल भरपूर विचारतील. तुम्हीही आधीच्या तुकडीतील किती जण मधेच सोडून गेले आणि का, ते विचारा. नवी आवृत्ती अजून छापून आलेली नाही. तोपर्यंत जुन्या माहितीपत्रकाची प्रत हाती पडली, तर ते एक वाक्य सोडून बाकीचे वाचावे.