भाड्याचा फाउलर पलंग : तीन महिन्यांचा अनुभव

आमच्या आबांसाठी (माझे सासरे, वय ७८) भुसावळहून दवाखान्यासारखा फाउलर पलंग, म्हणजे हँडल फिरवून पाठ वर-खाली करता येणारा, भाड्याने आणला होता. ज्यांच्या घरात असं दुखणं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहिते.

आबांना स्वादुपिंडाचा कर्करोग. जानेवारीत कळलं तेव्हा यकृतापर्यंत गेलेला. जिथे दाखवलं तिथे "आता घरी न्या, सेवा करा" एवढंच सांगितलं. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी सांगितलं नाही. या आजारात उताणं झोपलं की पोटातली कळ पाठीत शिरते, पुढे वाकून बसलं की जरा सैल पडते. आबा रात्रभर खाटेवर गुडघ्यांत डोकं घालून बसायचे. आम्ही मागे उशा, गोधड्या, शेवटी गव्हाचं पोतंसुद्धा लावून पाहिलं.

फेब्रुवारीत आणला तो एका हँडलचा पलंग, म्हणजे सेमी फाउलर. भाडं महिना १,५०० रुपये. हँडल फिरवलं की पाठीकडचा भाग उचलतो. पण तेवढाच उचलतो. पाय सपाट राहतात, माणूस हळूहळू खाली घसरतो आणि घसरताना माकडहाडावरची कातडी घासते. आठव्या दिवशी आबांच्या पाठीला लाल चट्टा दिसला. दुकानदाराला फोन केला, त्यांनी काही न बोलता दोन हँडलचा, फुल फाउलर, बदलून दिला (भाडं २,२००). त्यात आधी गुडघ्याकडचं हँडल फिरवायचं, मग पाठीचं. माणूस जागच्या जागी राहतो. सातशे रुपये वाचवायला एका हँडलचा कधीच आणू नका.

पलंगावर टाकायचा एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, आम्हाला विकत घ्यावा लागला, २,८०० ला पडला. त्यातल्या नळ्या आळीपाळीने भरतात आणि उतरतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. त्यावर जाड गोधडी टाकू नका, उपयोग जातो. धुऊन मऊ झालेली सुती चादर बास. दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, पंप आहे म्हणून ते चुकत नाही. लाइट गेली की गादी हळूहळू बसते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या. एप्रिल-मेमध्ये रेक्झिनची गादी तापते, पाठ घामाने भिजते, दिवसातून तीनदा चादर बदलायची तयारी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पहिला पलंग खोलून आत नेला होता, मधल्या खोलीत. आबांना शांतता मिळावी म्हणून. समोर कपाट आणि भिंत. आठ दिवस आबा कोणाशी धड बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून दिला तरी तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "माह्यं आता काय काम?" मी म्हटलं, "आबा, तुम्ही नुसता आराम करा." ते उत्तर आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

दुसरा पलंग जोडलेलाच आला आणि तीन फुटांचा पलंग मधल्या दारातून जाईना. पुढच्याच खोलीत ठेवावा लागला, तोंड रस्त्याकडे. संध्याकाळी पाठ उचलली तर समोर उघडं दार, रस्ता, आणि रस्त्यापलीकडे आमची केळी. आबा बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पाणी कोन सोडलं? वरच्या वाफ्यात गेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मजूर शेतावर जाताना दारात थांबले. तिसऱ्या दिवशी शेजारचे केळीवाले भाव विचारायला आले. आमची कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, लागली होती. उन्हाचा मारा बसू नये म्हणून घड वाळलेल्या पानांनी झाकायचे, ते कसे बांधायचे हे आबा पलंगावरून सांगायचे.

पण बसून बोलता यायला आधी दुखणं थांबायला हवं होतं. जळगावला एका डॉक्टरांनी मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या, घड्याळ लावून दर चार तासांनी, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज. हे औषध मिळणं सोपं व्हावं म्हणून १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आहे, तेव्हा "मिळत नाही" ऐकून परत फिरू नका. गोळी अफूपासून बनते आणि अफू नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर पिकते, हे डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी लगेच विचारलं, "त्या पिकाला पाणी किती लागतं?"

त्याच डॉक्टरांनी आणखी एक सुचवलं. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारतात, उत्तरं लिहून घेतात, त्यालाच वाचून दाखवून दुरुस्त करतात आणि तो मजकूर घरच्यांसाठी ठेवतात. आमच्या बारावीतल्या मुलाने वही केली. मला वाटलं, आबा सावद्याच्या स्टेशनवरून दिल्लीला गेलेल्या केळीच्या पहिल्या वॅगनची गोष्ट सांगतील. तीही सांगितली, अर्ध्या पानात. उरलेली सगळी वही पिलांची, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांची आहे. निसवण झाली की झाडाच्या बुडाशी एकच पील राखायचं, त्यावरच पुढची पिलबाग उभी राहते. नातू शेतातून मोबाइलवर एकेका झाडाचे फोटो काढून आणायचा. "हे रुंद पानाचं, पाणपील. काढून टाक." "हे तलवारीसारखं. याले राहू दे." बोलायला धाप लागायची, मग नुसतं बोट हलवायचे. त्या पिलांचे घड कापणीला येतील तेव्हा आपण नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी एक फोटो अंधारात काढलेला निघाला तर नातवाला परत पाठवलं.

माझ्या डोळ्यांसमोर तीन महिन्यांत एवढंच घडलं. आजार हटला नाही, वजन उतरत गेलं, पण "माह्यं काय काम" हे पुन्हा आलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी म्हणाले, "आता खाली कर, पोरी." रोज वर करायला सांगणाऱ्या माणसाने. मी दोन्ही हँडलं सावकाश फिरवली. पहाटे गेले.

पलंग दुकानदाराची माणसं घेऊन गेली, ५,००० अनामत त्याच दिवशी पूर्ण परत मिळाली. एअर बेड आणि पंप धुऊन-पुसून माझ्याकडे आहे, गावात दोन घरी जाऊन आला. न्यायला आले की मीही सोबत जाते, आणि पलंग मांडायच्या आधी घराचं दार कोणत्या बाजूला आहे ते बघून येते.