प्राग एकट्यानं फिरलो, त्यात ट्राम सगळ्यात भारी

आधीच सांगून टाकतो राजेहो, हा रिव्ह्यू प्रागच्या (चेक देशाची राजधानी) किल्ल्याचा नाही न घड्याळाचा पण नाही, ते सगळेच टाकतात. हा तिथल्या ट्राम-मेट्रोचा आहे, कारण पाच दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यातच बसून होतो.

माझं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कृषी केंद्र आहे. मे संपत आला की बियाण्याची गर्दी सुरू होते आणि मग दोन महिने धड जेवायला सवड भेटत नाही, म्हणून फिरायचं तर एप्रिलच्या शेवटी. दोन मित्र येतो येतो म्हणत होते, व्हिसाची फी ऐकली (तेव्हा 80 युरो होती, नंतर जूनपासून 90 झाली) आणि दोघंही गळाले, मग म्हटलं जाऊ द्या, एकटाच जातो. 26 एप्रिल 2024 ला मतदान केलं, 27 ला निघालो, नागपूर-मुंबई-दुबई-प्राग. बोटावर शाई तशीच ताजी. तिथला पासपोर्टवाला बोटाकडं पाहून राह्यला, मी म्हटलं व्होट व्होट, तो हसला आणि मारला ठप्पा.

एअरपोर्टच्या बाहेर 59 नंबरची गाडी लागते. बस म्हणावं तर डोक्यावर दोन दांडे, वरच्या तारेला लागलेले, आणि लांबी 24 मीटर, तीन तुकडे जोडलेले. आधी तिथं 119 नंबरची साधी बस होती, मार्च 2024 पासून ही ट्रॉलीबस आली, थोडं अंतर तारेवर चालते आणि थोडं बॅटरीवर. तिनं मेट्रोच्या स्टेशनावर सोडलं, इथपर्यंत सगळं सोपं.

आता तिकिटाचं ऐका. मी 72 तासांचं तिकीट काढलं, 330 कोरुना. कोरुना हे तिथलं चलन, तेव्हा एक कोरुना म्हणजे आपले साडेतीन रुपये धरा. तिकीट खिशात घालून बसलो, कंडक्टर येईल मग दाखवू. कंडक्टर काही येईना. समोर एक म्हातारी बसली होती, हातात भाजीची पिशवी, ती माझ्या खिशाकडं बोट करून काहीतरी बोलली, मले वाटलं पाकीट सांभाळ म्हणते. मग उठली, माझ्या हातून तिकीट घेतलं, दाराजवळच्या पिवळ्या डब्यात खुपसलं, ठक्क वाजलं, आणि तारीख-वेळ छापून वापस दिलं. म्हणजे तिकीट नुसतं काढून चालत नाही, पहिल्यांदा चढताना आपणच त्याच्यावर ठप्पा मारायचा, तिथून 72 तास मोजतात. ठप्पा नसला तर तिकीट असूनही विदाउट. म्हातारीनं नाही सांगितलं असतं आणि चेकर आला असता तर दंड हजारात होता. मी वाकून नमस्कार केला, ती लाजली.

एकदा ठप्पा मारला की झालं, ना गेट ना रांग, ट्राम, मेट्रो, बस सगळ्यात चढा-उतरा. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणे, "कोणी विचारतच नाही तं मंग तिकीट काहून काढतं?" मी म्हटलं अवं आई, साध्या कपड्यातले चेकर फिरतात. "तुले दिसला का एखादा?" पाच दिवसांत एकही दिसला नाही, पण आईला म्हटलं, हो दिसला.

72 तास संपल्यावर 120 कोरुनावालं 24 तासांचं दोनदा काढलं. म्हणजे पाच दिवस अख्खं शहर फिरायला जेमतेम दोन हजार रुपये. हे 2024 चे रेट आहेत, जायच्या आधी नवे पाहून घ्या.

एकट्या माणसासाठी याच्यात खरी मजा काय आहे सांगतो, कोणाला विचारायचं नाही. चार जणं असले की एक म्हणते किल्ला, एक म्हणते शॉपिंग, एकाचे पाय दुखतात. मी येईल त्या ट्राममध्ये चढायचो, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो, तिथं पाच मजली बिल्डिंगी, छोटे बगिचे, कपडे वाळत घातलेले, बाया पोरं घेऊन फिरत असलेल्या, ते पाहायचं आणि दुसऱ्या नंबरच्या ट्रामनं वापस. चुकलो असं झालंच नाही, कारण कुठं जायचं हेच ठरलेलं नव्हतं.

तरी एक नंबर लिहून ठेवा, 22. ही नॅशनल थिएटरपाशी येते, मग नदीचा पूल लागतो, तिथं उजव्या बाजूला बसा, किल्ला आणि चार्ल्स ब्रिज दोन्ही एकाच वेळी दिसतात. पलीकडं जुन्या गल्ल्यांतून अशी घुसते की एका कमानीखाली तर वाटते आता घासते भिंतीला. मग वळणं घेत टेकडी चढते. सगळे टुरिस्ट किल्ल्याच्या स्टॉपवर उतरतात, तुम्ही उतरू नका, पुढं पोहोर्झेलेत्स नावाचा स्टॉप आहे तिथं उतरा, म्हणजे किल्ल्यापर्यंत उतारच उतार. गर्दीत मात्र पाकीट पुढच्या खिशात ठेवा, 22 ही पाकीटमारांची पण आवडती आहे.

किल्ला पाहिला, छान आहे. 1410 सालचं घड्याळ पाहिलं, दर तासाला वरच्या खिडकीतून पुतळे फिरतात, खाली पाचशे मोबाईल वर. झालं.

ट्रामकडं येतो. नव्या गाड्या गुळगुळीत आहेत, पण मले आवडली ती जुनी गोल चेहऱ्याची टाट्रा टी-3, खाली लाल वर मलई कलर. पहिल्यांदा वळणावरून येताना दिसली तर आपली लालपरीच वाटली. साठच्या दशकापासून बनवत होते, सगळ्या मिळून जवळपास 14 हजार बनवल्या, आणि अजून चालतात. 23 नंबरला मुद्दाम ह्याच लावतात. तसं घोड्याची ट्राम तिथं 1875 लाच आली होती. हे वाचलं आणि आमची शकुंतला आठवली, मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी लाईन, कापसासाठी टाकलेली. त्यांनी जुनी गाडी पुसून-पासून रोज रुळावर ठेवली, आपल्या रुळात आता बाभळी उगवल्या.

मेट्रोत नामेस्ती मीरू स्टेशनावर एकदा उतराच. जमिनीखाली 53 मीटर, म्हणजे पावणेदोनशे फूट, आमच्याकडं एवढ्यात बोअरला पाणी लागते. सरकता जिना 87 मीटरचा, दोन मिनिटांच्या वर लागतात, आणि इतका भरभर पळतो की पहिल्या दिवशी मी कठडा धरून डोळे मिटले. दारं लागायच्या आधी बाई बोलते, तिच्यात 'द्व्हेर्झे' ऐकू येते, म्हणजे दारं. द्वार! दोनला पण ते 'द्वे' म्हणतात. एकटा बसून हे सापडलं तर सांगावं कोणाला, आजूबाजूला सगळे चूप.

हीच एक खटकलेली गोष्ट. आपल्या एसटीत एकटा माणूस बसला की पाच मिनिटांत "कोणत्या गावचे? कोणाकडचे?" सुरू होते आणि उतरेपर्यंत पोरीसाठी स्थळ पण निघते. तिथं त्या म्हातारीनंतर पाच दिवसांत ट्राममध्ये माझ्याशी फक्त एक कुत्रा बोलला, तोही तोंडाला जाळी बांधलेला. हो, कुत्रे ट्राममध्ये येतात, सीटखाली निमूट बसतात. पण म्हातारं माणूस चढलं की कानात हेडफोन घातलेला पोरगा पण ताडकन उठतो, हे मानलं.

आणि दाराचं बटन दाबावं लागते! मी स्टॉपवर दार उघडायची वाट पाहत उभा, ट्राम निघून गेली, आतले लोक काचेतून पाहून राह्यले.

पैशाचं एक सांगतो. जुन्या चौकाजवळच्या एका दुकानात "0% कमिशन" पाहून 100 युरो बदलले, 1900 कोरुना हातात. हॉस्टेलवरची पोरगी म्हणे अडीच हजार यायला पाहिजे होते, पावती आहे का? तिथं 2019 पासून कायदा आहे, 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. दोन तास झाले होते. पावती घेऊन ट्राममध्ये उडी मारली, दुकानदारानं तोंड वाकडं केलं पण युरो वापस दिले.

जेवायला तळलेलं चीज भेटते पावात घालून, नुसतं अगदीच सपक, घरून नेलेली जवसाची चटणी वर टाकली तर एक नंबर.

5 पैकी साडेचार. अर्धा त्या चूपचाप बसण्याचा कापला.

4 मे ला नागपूरला उतरलो, 43 डिग्री. एसटीत चढलो, हात आपोआप दाराजवळ पिवळा डबा शोधायला गेला. कंडक्टर म्हणे, "काय पाहून राह्यले भाऊ, बसा ना. कुठचं देऊ?"