किनाऱ्यावरून अर्धा दिवस सायकल: ऑफिसच्या गटाने हायब्रिड घ्यावी की ई-सायकल?

कामानिमित्त समुद्रकाठी आलात, बैठका लवकर आटोपल्या आणि सात-आठ सहकाऱ्यांनी किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर जायचं ठरवलं, की भाड्याच्या दुकानात पहिला प्रश्न हाच पडतो: हायब्रिड (सरळ हँडलची, मध्यम जाड टायरची साधी सायकल) की ई-सायकल (पॅडल मारताना बॅटरीवरच्या मोटरची मदत मिळते ती)? बहुतेक गट तो चढ बघून सोडवतात: रस्ता सपाट आहे, मग मोटर कशाला? चूक इथेच होते. किनाऱ्यावर चढाचं काम वारा करतो.

आधी वारा बघा

ताशी 20 किमीने चाललात आणि समोरून 15 किमीचा वारा असला, तर अंगावर येणारी हवा 35 ची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तोच वेग टिकवायला हवेशी तिप्पट झुंजावं लागतं. हायब्रिडवर ताठ बसलेल्या माणसाला शांत हवेत 20 च्या वेगासाठी साधारण 100 वॉट लागतात. या वाऱ्यात 200 च्या वर जातात. रोजची सवय नसलेला माणूस 100 वॉट गप्पा मारत काढतो. 200 वर गप्पा बंद होतात आणि थोड्याच वेळात वेग 13 च्या आसपास येतो.

हा वारा कधी येतो, ते बऱ्यापैकी ठरलेलं असतं. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारी तिचा जोर असतो, सूर्य मावळल्यावर ती पडते. म्हणून पहाटे निघून दहापर्यंत परतणार असाल तर हायब्रिड पुरते. दुपारी तीनला निघणार असाल तर गटात काही ई-सायकली हव्यातच.

जाताना वारा छातीवर आणि येताना पाठीवर, अशी दिशा निवडा. उलटं केलं तर सगळे मजेत 20 किमी लांब जातात आणि परतताना निम्म्यांची दमछाक होते.

हायब्रिड कुठे बरी

वजन 11 ते 14 किलो. जिन्यावरून उचलता येते, फलाटावर चढवता येते, वाळूत ढकलता येते. 38-40 मिमीच्या टायरमध्ये 50-60 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवली तर फरसबंदी आणि लाकडी पदपथ दोन्ही सुसह्य होतात. रस्त्यावर वाऱ्याने वाळू येऊन पडलेली असते. तिथे ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही, एक गिअर हलका करून सरळ पॅडल मारत निघायचं. वाळूवर माणसं पडतात ती बहुतेक वेळा घाबरून पुढचा ब्रेक दाबल्याने.

पंक्चरला हायब्रिडइतकी सोपी सायकल नाही, चाक दोन मिनिटांत निघतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा. किनाऱ्यावर शिंपल्याचे बारीक तुकडे रबरात रुतून बसतात. ते काढले नाहीत तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

ई-सायकल कुठे बरी, आणि कुठे अडते

वारा, चढ, आणि गटातला सगळ्यात कमी दमाचा माणूस, या तिन्हींवर एकच उपाय म्हणजे ही. पण ती 20 ते 25 किलोची असते. अनेक देशांत 25 किमी वेगाला मोटरची मदत बंद होते. त्यापुढे ते सगळं वजन तुम्हीच ओढता.

बॅटरी 400 वॉट-तासाची धरली आणि किमीला 8 ते 13 वॉट-तास खर्च धरला, तर 30 ते 50 किमी मिळतात. भाड्याच्या, बरीच वर्षं वापरलेल्या बॅटरीकडून तीसचीच अपेक्षा ठेवा. पडद्यावरच्या रेघांवर विसंबू नका. जुन्या बॅटरीत शेवटच्या दोन रेघा पहिल्या दोनपेक्षा फार लवकर संपतात. सुरुवातीलाच मोटरची मदत सगळ्यात वरच्या मोडवर टाकणारे हमखास परतीत अडकतात.

खरी अडचण पंक्चरची. मोटर मागच्या चाकाच्या मध्यात असेल तर ते चाक काढायला बहुधा 18 मिमीचा पाना लागतो (खिशातल्या टूलमध्ये तो नसतो), मोटरची वायर सोडवावी लागते आणि वॉशर होते त्याच क्रमाने परत बसवावे लागतात. रस्त्यात हे करूच नये. चाक जागेवर ठेवून टायर लिव्हरने (टायर उचकटायच्या चपट्या पट्टीने) टायरची एक कड उघडा, भोकाजवळची ट्यूब तेवढी बाहेर ओढा, खरवडा, सोल्युशन लावा आणि ते चिकट होईपर्यंत पाचेक मिनिटं थांबा. ओल्यावरच पॅच दाबला तर तो सरकतो. मोटर पॅडलपाशी असलेली सायकल मिळाली तर ही कटकट नाही, चाक साधंच असतं.

आणि भरतीच्या ओल्या वाळूवर, फोटोसाठीसुद्धा, ई-सायकल नेऊ नका. खारं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की दुरुस्ती तुमच्या डिपॉझिटमधून होते.

मग किती कोणत्या?

सगळ्यांना एकसारख्या हव्यात असं काही नाही. आठ जणांत दुपारच्या 30 किमीसाठी तीन ई-सायकली आणि पाच हायब्रिड हे प्रमाण चांगलं. फक्त ई-सायकल साहेबांना किंवा सगळ्यात उत्साही माणसाला देऊ नका. ते पुढे निघून जातात आणि गट तुटतो. जो मागे पडणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्याला द्या. उरलेल्या दोनपैकी एक वाऱ्यात पुढे राहून आडोसा देणाऱ्याकडे, एक सगळ्यात शेवटी.

रोड बाइक (वाकून चालवायची शर्यतीची सायकल) या कामाला नको. अरुंद टायर वाळूत घसरतो आणि वाकून बसायची सवय नसलेल्याची मान दुखते. घडीची सायकल एका बाजूने जाऊन गाडीने परतायचं असेल तरच. सायकल न येणारं कोणी असेल तर टँडम (दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल) विचारा, पण पुढे बसणारा सरावाचा हवा.

वेळ मोजताना थांबे धरून ताशी 10-12 किमीच पकडा. आठ जणांच्या सीट लावण्यातच अर्धा-पाऊण तास जातो. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर.

दुकानातून निघण्यापूर्वी ब्रेक पूर्ण दाबा, लिव्हर हँडलला टेकता कामा नये. सगळे गिअर एकदा फिरवून घ्या. खाऱ्या हवेत केबल गंजून अडकतात आणि ते चढावरच कळतं. ई-सायकल मात्र मोटर बंद करून शंभर मीटर चालवून बघा. बॅटरी संपली तर परतीचा रस्ता तसाच काढायचा आहे. शंभर मीटरलाच नको वाटली, तर हायब्रिड घ्या आणि अंतर कमी करा.