मारिओ लुकलुकलाच नाही: जुना टीव्ही गेम नव्या टीव्हीला, दहा महिन्यांनंतर

गणपतीत दादा नागपूरहून आला होता. जेवणं उरकल्यावर त्याला रिमोट दिला, मारिओ लावला. दुसऱ्याच मिनिटाला कासवाला धडकला, मोठ्याचा छोटा झाला आणि स्क्रीनवरून नाहीसाच झाला. दादा म्हणाला, "अरे, हा गेला कुठे?" तेवढ्यात खड्ड्यात पडल्याचा आवाज आला. मला मनापासून वाईट वाटलं, कारण तोवर मी या प्रकरणावर बाराशेच्या वर रुपये घालवले होते आणि घरी सगळ्यांना सांगितलं होतं की सेट झालंय.

आमच्याकडचा गेम 1996 च्या मे महिन्याच्या सुट्टीत घेतलेला, पिवळ्या कॅसेटचा. त्याला मागे दोनच पिना, पिवळी आणि पांढरी. जानेवारीपर्यंत तो जुन्या 21 इंची डबा टीव्हीला जोडलेला होता. मग त्या डब्याची एलओटी गेली, म्हणजे पिक्चर ट्यूबला व्होल्टेज देणारा आतला ट्रान्सफॉर्मर. रिपेअरवाले काका म्हणाले, पार्ट मिळत नाही, मिळाला तरी त्या पैशात परवडत नाही. म्हणून सगळे घेतात तेच घेतलं, पांढरी एव्ही टू एचडीएमआय डबी, म्हणजे जुन्या पिनांचं चित्र नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला जोडून देणारी, 449 रुपये. बाजूला 720 आणि 1080 चं बटण असलेली.

पहिल्या दिवशी चित्र आलं याचाच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना खटकायला लागलं. मारिओ आडवा पसरलेला, नाणी लंबगोल. डबी चित्र स्वतःच ताणून रुंद करते आणि मगच पुढे पाठवते. टीव्हीला वाटतं आलंय तेच बरोबर, म्हणून टीव्हीचं 4:3, म्हणजे जुन्या टीव्हीचा कमी रुंद आकार, लागतच नाही. बटण 720 वर ठेवा की 1080 वर, चौकोन काही चौकोन होत नाही. वर उडी उशिरा लागायची. तो दोष सगळा डबीचा नव्हता. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू केल्यावर अर्ध्याहून जास्त उशीर गेला. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि स्क्रीन एकत्र धरून मी हे तपासलं आहे. तुम्ही काहीही विकत घ्यायच्या आधी गेम मोड बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

डबी परत करायला गेलो तर विक्रेत्याचं एकच म्हणणं, "चित्र दिसतंय ना, मग प्रॉडक्ट वर्किंग आहे." मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, चार वेळा तक्रार नोंदवली. चारही वेळा विनंती बंद केली गेली. पैसे 449 च होते, पण चित्र दिसणं आणि चित्र बरोबर दिसणं यात फरक आहे हे ऐकूनच घेतलं नाही, याचा राग अजून आहे. जूनमध्ये ती डबी आपोआप बंद पडली. उघडून बघितली तर आत एक इवलीशी पट्टी आणि तिच्यावर गरम होऊन काळपटलेली एक जागा.

त्याआधी मार्चमध्ये एक शोध लागला होता, आणि तो मला कोणीतरी आधी सांगायला हवा होता. टीव्हीच्या मागे हेडफोनसारखं एक छोटं भोक असतं, त्यावर एव्ही इन असं लिहिलेलं. त्यात चार कप्प्यांची 3.5 मिलिमीटरची पिन जाते, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ ही वायर 120 रुपयांना मिळाली. घरी येऊन लावली तर स्पीकरमधून नुसता भुर्रर्र आवाज आणि चित्र नाही. या वायरींमध्ये कप्प्यांचा क्रम सारखा नसतो. पिवळीचं लालमध्ये लावून बघितलं, तरी नाही. परत गेलो. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "साहेब, टीव्हीचं मॉडेल सांगा," आणि दुसऱ्या क्रमाची वायर बदलून दिली, वर पैसे घेतले नाहीत. ती लागली. 4:3 लागलं, नाणी गोल झाली, उडी वेळेवर. 120 रुपयांत! तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की डबी नकोच, एव्हीच्या भोकात सगळं आहे. मित्रांनाही तेच सांगितलं. आज तो सल्ला अर्धाच बरोबर होता असं म्हणतो.

कारण लुकलुकणं. हे नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे.

मार बसला की मारिओ थोडा वेळ लुकलुकतो आणि तेवढ्यात त्याला कोणी काही करू शकत नाही. 1985 च्या त्या गेममध्ये हे अगदी साध्या पद्धतीने केलंय: एका चित्रात मारिओ काढायचा, पुढच्या चित्रात काढायचा नाही, परत काढायचा. आता आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल नावाच्या पद्धतीत पूर्ण चित्र 625 ओळींचं असतं आणि ते दोन हप्त्यांत येतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. म्हणजे एका हप्त्यात 312.5 ओळी. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरा हप्ता पहिल्याच्या फटीत जाऊन बसतो. टीव्ही गेम ती अर्धी ओळ पाठवतच नाही. तो पुऱ्या 312 पाठवतो. त्यामुळे जुन्या डब्यावर प्रत्येक चित्र त्याच त्याच ओळींवर पडायचं, मधल्या फटी काळ्या राहायच्या आणि सेकंदाला 50 वेगळी चित्रं मिळायची.

नव्या टीव्हीला आणि त्या डबीला ही खूण कळत नाही. दोघं समजतात की हे एकाच चित्राचे दोन हप्ते आहेत. डबीने ते एकमेकांत विणले, म्हणून मारिओ असलेलं आणि नसलेलं चित्र एकत्र झालं: एका ओळीवर मारिओ, खालच्या ओळीवर मागचं निळं आकाश, पुन्हा मारिओ. जवळ जाऊन बघितलं तर तो खिडकीच्या गजांमागे उभा असल्यासारखा दिसतो. माझ्या टीव्हीच्या एव्हीचं वेगळंच. तो एक हप्ता टाकून देतो. टाकलेला हप्ता मारिओ असलेला निघाला की मारिओ पूर्ण गायब, नाहीतर पूर्ण हजर, लुकलुकणं कधीच नाही. दादाचा मारिओ गेला तो असा. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये तर याने जीवच जातो. त्या मशीनला एका ओळीत आठच तुकडे काढता येतात, म्हणून गोळ्या वाढल्या की त्या आळीपाळीने दाखवल्या जातात. आळीपाळीतली एक पाळी टीव्हीने गिळली की ती गोळी तुम्हाला दिसतच नाही आणि आपण मरतो. तीस जीव घेऊन खेळलं तरी पुरत नाहीत.

बायको म्हणाली, एवढ्याशा गोष्टीसाठी किती दिवस घालवशील. पण मला ते एवढंसं वाटत नाही. लुकलुकणं हा गेमने दिलेला निरोप आहे, तेवढ्या वेळात पळून जा असा. तो निरोपच पोचत नसेल तर गेम पोचला असं मी म्हणणार नाही.

शेवटी ज्या गोष्टीला मी मार्चमध्ये "फुकटचा खर्च" म्हणालो होतो तीच घेतली. मावसभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येणार होता, त्याच्याकडून रेट्रोटिंक 2एक्स मिनी मागवला, जुन्या गेमचं चित्र नव्या टीव्हीला देण्यासाठीच बनवलेला छोटा डबा. काड्यापेटीहून थोडा मोठा. आपल्या पैशात सगळं मिळून साधारण सात हजार. मला हा आकडा लिहितानाही जड जातंय, कारण मूळ गेमच घरात आला होता तो काही शेकड्यांत. तरीही सांगतो, हा डबा 312 ची खूण ओळखतो. तो हप्ते विणत बसत नाही, आलेली प्रत्येक ओळ दोनदा काढतो आणि लगेच पुढे पाठवतो. माझा टीव्ही त्या सिग्नलला 4:3 सुद्धा लावू देतो. रंगांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते मात्र तसंच आहे, कारण पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेतून येतात. तिथे कोणताही डबा फार काही करू शकणार नाही.

पाडव्याला संध्याकाळी लावला आणि मुद्दाम कासवाला जाऊन धडकलो. मारिओ लुकलुकला. मुलगी शेजारीच बसली होती. तिने आजवर तो पट्ट्यांचा नाहीतर गायबच बघितलेला. ती घाबरून म्हणाली, "बाबा, टीव्ही बिघडला का?" मी व्हिडिओ काढून लगेच दादाला पाठवला.

प्लेस्टेशन 2 असेल तर मात्र सात हजार घालवू नका. त्याचे बहुतेक गेम खरोखरच दोन हप्त्यांत चित्र पाठवतात, त्यामुळे टीव्हीचा समज तिथे खरा ठरतो. मागे लावायचा छोटा एचडीएमआय डोंगल मिळतो, माझा 650 चा, सहा महिने बिनतक्रार चालू आहे. फक्त आधी जुन्या वायरने टीव्हीला जोडून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कम्पोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवरून दुसऱ्या पर्यायावर न्या, नाहीतर चित्र हिरवट येतं आणि डोंगल खराब निघाला असं वाटतं. पोरं त्यावर 2009 चा देसी अड्डा खेळतात, कबड्डी आणि पतंग. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

राहिली बंदूक. डक हंट, म्हणजे बंदुकीने स्क्रीनवरची बदकं मारायचा गेम, नव्या टीव्हीवर कशानेच चालणार नाही, रेट्रोटिंकनेही नाही, तेव्हा त्या आशेने पैसे घालू नका. चाप ओढला की गेम क्षणभर स्क्रीन काळी करतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो चौकोन त्याच क्षणी शोधतो, आणि तोही पिक्चर ट्यूबच्या उजेडाच्या चालीनेच. नवा टीव्ही चौकोन दाखवेपर्यंत गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. दादाला मारिओपेक्षा बदकंच आवडायची. म्हणून 21 इंची डबा मी भंगारात दिलेला नाही, माळ्यावर चादर घालून ठेवलाय. काकांनी जुन्या एलओटीवरचा नंबर कागदावर लिहून दिलाय. कोणाच्या दुकानात जुने पार्ट पडून असतील तर सांगा, मी तो कागद घेऊन येतो.