निंजा १०००एसएक्स की एफजेआर १३००: लांबच्या प्रवासासाठी कोणती?

दक्षिण जर्मनीत वापरलेली स्पोर्ट-टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान मोटारसायकल, शोधू लागले, की यादी गाळत गाळत बहुधा कावासाकीची निंजा १०००एसएक्स आणि यामाहाची एफजेआर १३०० या दोन गाड्यांपाशी येऊन थांबते. माझीही तेथेच थांबली होती.

घाटात निंजा उजवी आहे, हे आधीच मान्य करतो. तिचे वजन सुमारे २३५ किलो, तर एफजेआरचे २९०च्या आसपास; इटलीतील स्टेल्व्हियो घाटाच्या प्राटो गावाकडील ४८ वळणांवर, विशेषतः मागे कोणी बसलेले असताना, हा फरक खांद्यांना स्पष्ट जाणवतो. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टरही निंजालाच आहे. उलट, सरळ महामार्गावर एफजेआरची बटणाने वरखाली होणारी काच आणि २५ लिटरची टाकी यांचे महत्त्व कळते.

तरीही माझा निर्णय यांपैकी कशानेच झाला नाही. तो चेनमुळे झाला. माझ्या आधीच्या गाडीला चेन होती आणि मागचे चाक उचलून धरणारा डबल स्टँड नव्हता. दिवसभर पावसात चालवून मुक्कामी पोहोचल्यावर, अंगावरचे ओले कपडे उतरवण्याआधी, सामानाने लादलेली ती गाडी वीतभर पुढे ढकलायची, चेनच्या तेवढ्या भागावर वंगणाचा स्प्रे मारायचा आणि पुन्हा ढकलायची, असे चाकाचे पूर्ण फेरे होईपर्यंत करावे लागे. जागा उताराची असली तर हे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम होते. शिवाय दुसऱ्या दिवशी रिमवर आणि डाव्या पेटीवर काळे शिंतोडे उडत, ते निराळेच. निंजालाही चेन आहे आणि कंपनीचा डबल स्टँड मिळत नाही. एफजेआरला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे मागचे चाक फिरवणारा बंदिस्त दांडा आहे, डबल स्टँडही आहे. मागच्या गिअरचे तेल सर्व्हिसिंगच्या वेळी बदलले, की प्रवासात तिकडे पाहावे लागत नाही. शाफ्टमुळे वजन वाढते हे खरे, पण माझ्या मते ती किंमत रास्त आहे.

ज्यांच्या सहली शनिवार-रविवारपुरत्या असतात आणि ज्यांना घरच्या गॅरेजमध्ये निवांतपणे चेन साफ करता येते, त्यांना कदाचित निंजाच अधिक आनंद देईल. सलग आठवडाभर बाहेर राहणाऱ्यांनी मात्र एफजेआर अवश्य पाहावी, आणि शक्यतो २०१६ किंवा त्यानंतरची, कारण सहावा गिअर तेव्हापासून आला. व्यवहार ठरवण्याआधी ती एकदा चढावर हाताने मागे ढकलून पाहावी. ते जमले, तर तिच्या वजनाची फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.