१०० वॉटची टाइप-सी केबल: बर्डीवरील खरेदी आणि तपासणी

हे परीक्षण नागपूरच्या सीताबर्डीत व्हरायटी चौकाजवळच्या एका लहानशा दुकानातून साडेचारशे रुपयांना घेतलेल्या केबलचे आहे. केबल दोन मीटर लांब असून तिच्या दोन्ही टोकांना टाइप-सी प्लग आहेत आणि वेष्टनावर ‘१०० वॉट’ व ‘फास्ट डेटा’ असे ठळक छापलेले आहे. ६५ वॉटच्या लॅपटॉप चार्जरला एवढी क्षमता कशाला, असे कोणालाही वाटेल; परंतु २० व्होल्टवर ६५ वॉट मिळवायचे तर सव्वातीन अँपिअर प्रवाह लागतो, आणि साध्या सुट्या टाइप-सी केबलमधून नियमाने वागणारा चार्जर तीन अँपिअरपेक्षा जास्त देत नाही.

त्यापुढे जाण्यासाठी प्लगच्या आत ई-मार्कर नावाची चिप असावी लागते. चार्जर सीसी या तारेवरून तिला विचारतो आणि ती आपली प्रवाहमर्यादा, कमाल व्होल्टेज, डेटाचा वेग, इतकेच नव्हे तर अंदाजे लांबीही कळवते. उत्तर आले नाही, तर लॅपटॉप ६० वॉटच्या आतच चार्ज होत राहतो आणि ग्राहक उगाच चार्जरला दोष देतो.

या दुकानाची जमेची बाजू म्हणजे गल्ल्याशेजारी ठेवलेला, केबलमधील ही चिप वाचणारा टेस्टर. त्यावर आमच्या केबलची नोंद ५ अँपिअर, २० व्होल्ट आणि यूएसबी २.० अशी निघाली. म्हणजे डेटाचा वेग जास्तीत जास्त ४८० मेगाबिट प्रतिसेकंद! वेष्टनापेक्षा चिप अधिक प्रामाणिक म्हणायची. २४० वॉट छापलेली दुसरी एक केबलही २० व्होल्टचीच निघाली. २४० वॉटसाठी ४८ व्होल्ट लागतात, हे दुकानदाराला ठाऊक असल्याने त्याने ती स्वतःहून बाजूला ठेवली.

मात्र टेस्टर चिपमध्ये लिहिलेले केवळ वाचतो, आतले तांबे मोजत नाही. ती माहिती कारखान्यात भरली जाते, त्यामुळे बारीक तारांच्या केबलमध्येही ‘५ अँपिअर’ लिहिता येते. म्हणून घरी पूर्ण भारावर मीटर लावून पाहिले: चार्जरकडे २० व्होल्ट असताना लॅपटॉपकडे १९.६ भरले. सव्वातीन अँपिअरला ०.४ व्होल्टची ही घट, म्हणजे सुमारे १.३ वॉटची उष्णता, दोन मीटरला मान्य करण्यासारखी आहे. ऐन मे महिन्यात, कूलर नसलेल्या खोलीतही प्लग कोमटच राहिला. तारेवरचे विणीचे आवरण मात्र ताठ असून वेटोळे नीट बसत नाही.

चार्जिंगपुरती ही केबल निःसंकोच घ्यावी. बाहेरच्या एसएसडीवर लग्नाचे व्हिडिओ उतरवणाऱ्यांनी १० गिगाबिटची, लांबीने आखूड केबल मागावी आणि तीही टेस्टरवर लावून घ्यावी. दुकानदार सात दिवसांत माल बदलून देतो, पण पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.